पार्किंगमध्ये मोटर, वाळूचा फिल्टर आणि सॉफ्टनर: जागा पुरते, पण लाईन कशी टाकायची?

पाचगाव_वेस

मंडळी, सल्ला पाहिजे. गॅरेज म्हणजे इथं घरातली गाडीची खोली, मिस्त्रीचं नव्हे.

घर कोल्हापुरात, आर. के. नगरच्या बाजूला. तळमजला, वर एक मजला, जिन्याच्या टोपीवर १००० लिटरची टाकी. जमिनीखालची टाकी ५००० लिटरची, गॅरेजच्या दारासमोर, २.५ मीटर खोल. मोटरीच्या पातळीपासून वरच्या टाकीचं तोंड ११ मीटरवर. गॅरेज आतून १० बाय १८ फूट, गाडी ४ मीटरच्या आतली, म्हणजे मागं साधारण दीड मीटर पट्टा मोकळा राहतो. पाणी बोअरचं. हार्डनेस ४५०, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ७८०, दोन्ही लिटरमागं मिलिग्रॅम, लोह नाही. माणसं चार, वापर रोज ६०० लिटरच्या आसपास.

विकणारा म्हणतो, पूर्ण ऑटोमॅटिक सॉफ्टनर (पाण्याचा हार्डनेस काढणारं यंत्र) मागच्या भिंतीला उभा करतो, अर्ध्या दिवसाचं काम. वाळूचा फिल्टर आणि मोटरही तिथंच. यात काय चुकतंय का?

फूटव्हॉल्व्ह

भिंत बरोबर आहे, क्रम चुकतोय. सॉफ्टनर जमिनीवर कुठं उभा राहणार हे नंतर बघा. लाईनमध्ये कुठं बसणार ते आधी ठरवा. जागा दोनच: खालची टाकी ते वरची टाकी यांच्या मध्ये, किंवा वरच्या टाकीनंतर. विकणाऱ्यानं यातलं कुठलं धरलंय ते विचारलं का?

पाचगाव_वेस

विचारलं. म्हणाला, "वरच्या टाकीतनं येणारी लाईन गॅरेजमधनं फिरवू, म्हणजे घरात मऊच पाणी."

फूटव्हॉल्व्ह

मग हिशेब करा. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे १ बार. टाकीचा तळ गॅरेजच्या फरशीपासून ९ मीटर धरला तर सॉफ्टनरपाशी ०.९ बार मिळतो. सॉफ्टनर आणि त्याचा व्हॉल्व्ह मिळून अर्धा ते पाऊण बार खातात. उरलेल्या दाबावर पाणी परत वरच्या मजल्याच्या शॉवरला चढायचं, म्हणजे शॉवरला थेंब थेंब. त्यात ऑटोमॅटिक व्हॉल्व्हला मिठाचं पाणी ओढायला दीड ते दोन बार लागतात. ते तिथं नाहीतच. मीठ ओढलं जाणार नाही, रेझिन (हार्डनेस धरणारे आतले दाणे) ताजं होणारच नाही, आणि महिन्याभरात "सॉफ्टनर खराब निघाला" अशी तक्रार सुरू.

वरच्या टाकीनंतरच बसवायचा हट्ट असेल तर प्रेशर पंप घ्यावा लागतो. मग सॉफ्टनरला कायम दाब मिळतो आणि ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह नीट चालतो. पण नळ उघडला की पंप, आणि लाईट गेली की घरात पाणी नाही. या घराला मला ते पटत नाही.

तुमच्याकडं टाक्यांच्या मधली जागाच योग्य. पण तिथं दुसरी मेख आहे. मधल्या लाईनीत दाब फक्त मोटर चालू असताना असतो. ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह रात्री २ वाजता रिजनरेशनला (मिठानं रेझिन परत ताजं करायला) जातो, तेव्हा मोटर बंद. व्हॉल्व्हची गिअर फिरते, घड्याळ पुढं सरकतं, पडद्यावर "झालं" दिसतं आणि मीठ जागच्या जागी. एक तर व्हॉल्व्हनं मोटर चालू करावी अशी रिलेची जोडणी करून घ्या, नाही तर सरळ हातानं फिरवायचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह घ्या. घरात कुणी लक्ष देणारं असेल तर हाताचा बरा. स्वस्त, आणि बिघडला तर कोल्हापुरातच दुरुस्त होतो.

करवीर_जलतज्ज्ञ

फूटव्हॉल्व्ह यांच्याशी सहमत. आकडे मांडतो.

रेझिन ३० लिटर घ्या. एका लिटरला १५० ग्रॅम मीठ दिलं तर घरगुती कामात ५० ग्रॅम हार्डनेस धरायला हरकत नाही. ३० गुणिले ५० म्हणजे १५०० ग्रॅम. पाण्यात लिटरमागं ०.४५ ग्रॅम. भागाकार ३३३३ लिटर. त्यातले ३००० धरा. रोज ६०० म्हणजे दर पाच दिवसांनी एक रिजनरेशन, मीठ साडेचार किलो. संपृक्त मिठाच्या पाण्याच्या रूपात ते साधारण १४ लिटर होतं. महिन्याला २७ किलो मीठ. २५ किलोची एक गोणी जवळपास महिनाभर जाते.

पिंप १० बाय ४४ इंची. त्याची पोटातली जागा ५० लिटरच्या आसपास. ३० लिटर रेझिन भरल्यावर वर जी मोकळी जागा राहते ती वाया जात नाही. बॅकवॉशला (उलट्या धाऱ्यानं धुताना) रेझिन फुगून वर येतं, त्याला ती लागते. "जास्त भरतो, जास्त दिवस चालेल" असं कुणी म्हणालं तर थांबवा. फुगलेलं रेझिन गटारात जातं.

आता वेग. ३० लिटर रेझिनमधून तासाला ६०० ते १२०० लिटर एवढंच पाणी जावं. एक एचपीची मोटर मोकळ्या लाईनीत याच्या दुप्पट-अडीचपट फेकते. तेवढ्या वेगात पाणी रेझिनला नीट टेकतच नाही आणि हार्डनेस तसाच पुढं जातो. म्हणून सॉफ्टनरच्या *नंतर* एक बॉल व्हॉल्व्ह टाकून चेपायचा. मोजायची रीत सोपी: वरच्या टाकीच्या तोंडाशी २० लिटरची बादली धरा. ६० सेकंदांत भरली तर तासाला १२०० लिटर, ७२ सेकंदांत भरली तर १०००. ७२ च्या आसपास आणून व्हॉल्व्हचा दांडा काढून ठेवा, नाही तर कुणीतरी "पाणी हळू चढतंय" म्हणून पूर्ण उघडणारच.

मोटर: खालून ओढायचे अडीच मीटर, वर ११, पाइपातलं घर्षण ३, वाळूचा फिल्टर मळल्यावर ५, सॉफ्टनरचे ७. बेरीज २८.५. म्हणजे तासाला १००० ते १२०० लिटर देताना ३० मीटर हेड (पाणी चढवायची ताकद, मीटरमध्ये) देणारी मोटर. पाटीवर लिहिलेला "कमाल हेड" हा पाणी अजिबात जात नसतानाचा असतो, त्याला भुलू नका. दुकानदाराकडं तक्ता मागा आणि त्यात १००० लिटरच्या रकान्यात ३० दिसतंय का ते बघा.

पाचगाव_वेस

हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह घेतला तर मिठाच्या वेळी मोटर चालूच ठेवायची ना? अर्धा-पाऊण तास?

करवीर_जलतज्ज्ञ

हो, आणि हाच मुद्दा जवळपास सगळे विसरतात. मीठ ओढताना व्हॉल्व्हमधून मिनिटाला जेमतेम दोन-तीन लिटर पाणी जातं. मोटरीच्या दृष्टीनं लाईन बंद असल्यासारखंच. एवढ्या कमी प्रवाहावर अर्धा तास चालवणं मोटरीला बरं नाही. उपाय स्वस्तातला आहे: मोटरीच्या पुढं टी (तीन तोंडांचा जोड) टाकून अर्धा इंची लाईन परत खालच्या टाकीत सोडा, तिच्यावर व्हॉल्व्ह. मिठाच्या वेळी तो एवढाच उघडा की दाबाच्या गेजवर दोन बार टिकेल. बाकी वेळी बंद.

शिवणी_सिव्हिल

आता गॅरेजकडं या. सगळे जागा मोजतात, मोरी कुणी मोजत नाही.

एका रिजनरेशनला दोनशे-अडीचशे लिटर खारं पाणी बाहेर पडतं. वाळूचा फिल्टर उलटा धुताना, १० इंची पिंप असेल तर, मिनिटाला २२ ते ३० लिटर. गॅरेजच्या कोब्याला उतार दाराकडं असतो, आणि दारापुढं रस्ता. म्हणजे दर पाच दिवसांनी तुमच्या दारातनं शेजाऱ्याच्या दारात मिठाचा ओघळ. त्याआधी मागच्या भिंतीपाशी जाळीचा ट्रॅप फोडून घ्या आणि तिथून ३ इंची पाइप ड्रेनेज चेंबरपर्यंत, मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार देऊन. सॉफ्टनरची निचऱ्याची नळी ट्रॅपच्या आत खुपसू नका. तोंड जाळीच्या वर ५० मिलिमीटर मोकळं ठेवा. चेंबर तुंबला तर घाण पाणी नळीतनं उलट वर चढू नये यासाठी ही हवेची फट.

सेप्टिक टँक असेल तर खारं पाणी त्यात नको. नारळाच्या आळ्यात सोडतो म्हणणारेही भेटतात. नारळ खारं सोसतो हे खरं, पण महिन्याला २५ किलो मीठ एका आळ्यात पडलं तर माती घट्ट होते आणि शेजारचा कढीपत्ता पहिला जातो.

ओटा: १०० ते १५० मिलिमीटर उंच, काँक्रीटचा, ४५ सेंटिमीटर खोल. पाण्यासकट रेझिनचं पिंप ७० किलोच्या घरात, मिठाची टाकी भरली की शंभराच्या वर, आणि वाळूचा फिल्टर या सगळ्यांत जड. कोब्यावर थेट ठेवलं तर पहिल्या गळतीला तळाशी ओल धरते. ओट्यापुढं माणूस उभा राहायला ६० सेंटिमीटर सोडा. ४५ अधिक ६० म्हणजे १०५. तुमच्या दीड मीटरमध्ये बसतं. उद्या ४.६ मीटरची गाडी आली तर ९० सेंटिमीटरच उरतात, तेव्हा मोठी गाडी घ्यायचा विचार असेल तर मागची भिंत सोडून बाजूचा कोपरा धरा.

गाडी अडवायला चाकाचा अडसर लावा, आणि ओट्यापुढं १०० मिलिमीटरचा लोखंडी पाइप काँक्रीट भरून, ३० ते ४० सेंटिमीटर जमिनीत गाडून. फायबरच्या पिंपाला बंपरचा हलका धक्का लागला तरी बाहेरून काही दिसत नाही. आतल्या काचतंतूंना तडा जातो आणि मग दाबाखाली एके दिवशी बारीक फवारा सुटतो.

उंची विसरू नका. व्हॉल्व्हसकट पिंप १.३५ मीटर भरतं. आतली उभी नळी काढायला पिंप तिरकं करता आलं पाहिजे. वर फळी किंवा माळा असेल तर तो आत्ताच हलवा.

रंकाळा_काठ

खालची टाकी दारासमोर आहे म्हणता. झाकण चाकाखाली येतंय का?

पाचगाव_वेस

डाव्या चाकाच्या रेषेत येतंय. साधं पत्र्याचं आहे.

शिवणी_सिव्हिल

मग सॉफ्टनरचं राहू द्या, आधी ते बदला. आयएस १२५९२ या भारतीय मानकात काँक्रीट झाकणांच्या श्रेणी आहेत: एलडी २.५, एमडी १०, एचडी २०, ईएचडी ३५. आकडा टनांचा. घरच्या गाडीखाली किमान एमडी १० हवं, चौकटीसकट. चौकट स्लॅबच्या सळयांत बसलेली हवी, वरून सिमेंट लावून चिकटवलेली नव्हे.

त्याहून चांगलं म्हणजे तोंडच चाकाच्या रेषेतनं बाजूला घेणं आणि कडा १०० ते १५० मिलिमीटर उचलणं. सपाट झाकणाच्या फटीतनं गाडी धुतलेलं पाणी, ऑइल आणि पावसाळ्यातली सगळी घाण टाकीत जाते. सॉफ्टनर तेल काढत नाही, उलट रेझिनला तेलाचा थर बसतो तो मिठानं निघत नाही. झाकणाला कुलूप हवंच, घरात लहान मूल असो नसो. आणि टाकी धुवायला कुणी आत उतरणार असेल तर दोन तास झाकण उघडं ठेवून, वर दुसरा माणूस उभा करूनच.

गंगावेस_वायरमन

लाईटचं काम प्लंबरच्या भरवशावर सोडू नका. मोटरीला वेगळी लाईन काढा: २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, १० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा). एक एचपी मोटर चालताना सहा-सात अँपिअर ओढते. सुरू होताना त्याच्या कितीतरी पट, म्हणून बी प्रकारचा एमसीबी उगाच पडत राहतो.

आरसीसीबी पावसाळ्यात पडायला लागला की "तो काढून टाका" म्हणणारे लई भेटतात. काढू नका. बहुतेक वेळा मोटरीच्या टर्मिनलच्या डबीत ओल असते. डबीचं झाकण उघडून कोरडं करा, केबल ग्लँड (वायर आत शिरते तिथला आवळायचा जोड) घट्ट करा, रबरी पट्टी बदला. पाण्यात उभं राहून व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला वाचवणारं तेवढं एकच यंत्र आहे तिथं.

बोर्ड आणि प्रेशर स्विच (दाबावर मोटर चालू-बंद करणारा) जमिनीपासून किमान ४५० मिलिमीटर वर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, गळती झाली की ती कोब्याला चिकटून पसरते. स्विचच्या आतल्या पट्ट्यांत प्रत्येक वेळी ठिणगी पडते. बोर्ड छातीएवढा उंच घेतला तर प्रश्नच नाही. दाराला खाली-वर जाळीची हवा हवी. आणि गॅसचा गिझर याच खोलीत लावायचं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा.

प्रेशर स्विच असेल तर त्याचं टोपण एकदा उघडून बघा. आत दोन चपट्या तांबूस पट्ट्या, टोकाला चांदीचे ठिपके. गॅरेजमध्ये त्या उबदार जागेत मुंग्या घर करतात, पालीची अंडीही सापडतात. ठिपक्यांच्या मध्ये एक मुंगी चिरडली की काळा थर बसतो आणि मोटर कधी सुरू होते कधी नाही. वायर शिरते ते भोक केबल ग्लँडनं बंद करायचं, एम-सीलनं नव्हे, नाही तर पुढच्या वेळी फोडावं लागतं.

कोरडी मोटर चालू नये म्हणून खालच्या टाकीत फ्लोट स्विच, वरच्या टाकीतही एक. तुमची मोटर रोज ३६ मिनिटंच चालणार आहे, तिला तासाभराचा टायमर जोडला तरी चालेल, पण फ्लोटच्या *बरोबर*, ऐवजी नव्हे.

तांबडा_पांढरा

मिठाची टाकी दुचाकीपासनं लांब ठेवा भावा. झाकण नीट बसत नसेल तर खारी हवा साखळी, डिस्क आणि अवजारं सगळी खाते. गोणी लोखंडी कपाटाशेजारी नको. जुलै-ऑगस्टमध्ये उघडी गोणी आपोआप ओली होते.

करवीर_जलतज्ज्ञ

आणि टाकीतल्या मिठाचं कवच होतं. वरून टाकी भरलेली दिसते, खाली पोकळी. पाणी मिठाला लागतच नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी काठीनं खालपर्यंत ढोसून बघा. एका वेळी अर्ध्याच्या वर मीठ भरू नका. खडे मीठ चालतं, पण धुतलेलं, स्वच्छ घ्या. मातकट मिठाचा गाळ मिठाचं पाणी ओढणाऱ्या इंजेक्टरच्या भोकात बसतो, आणि ते भोक सुईच्या जाडीचं असतं.

रमणमळा_०५

आमची बाजू पूररेषेतली. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, इकडं गॅरेजमध्ये छातीभर पाणी. इथं गॅरेजमध्ये हे बसवण्यात काही अर्थ आहे का?

शिवणी_सिव्हिल

रमणमळा, नागाळा पार्क, शाहूपुरीचा सखल भाग, बापट कॅम्प, या बाजूला वेगळा नियम. भिंतीवरची २०१९ किंवा २०२१ ची खूण शोधा, जी वर असेल ती धरा, आणि बोर्ड त्याच्या अर्धा मीटर वर. पिंप आणि मिठाची टाकी उचलता येत नाहीत, पण ती भिजून मरतही नाहीत. मरतात ती मोटर आणि व्हॉल्व्हवरचा इलेक्ट्रॉनिक भाग. तेव्हा मोटरीच्या दोन्ही बाजूंना युनियन (पान्यानं सुटणारा जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह, वायरीला प्लग, तळाला चार नट. पाना घेऊन पंधरा मिनिटांत सुटली पाहिजे. बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. तुमच्या घरात पाणी कुठल्या फुटाला शिरतं ते तुम्हाला माहीत असणार. ३९ ओलांडली की मोटर वरच्या मजल्यावर.

मोटर कायमची वरच बसवायचं मात्र डोक्यात आणू नका. ओढायची उंची सहा-सात मीटरच्या पुढं गेली की पाणी येत नाही.

निचऱ्याच्या नळीला पुरात बूच मारा. रिकामं फायबरचं पिंप आणि रिकामी मिठाची टाकी तरंगतात आणि जाताना पाइप तोडून जातात. भरलेली ठेवा, पट्टीनं भिंतीला बांधा.

करवीर_जलतज्ज्ञ

पूर ओसरल्यावर: सॉफ्टनर आणि फिल्टर दोन्ही बायपासवर टाका, म्हणजे पाणी त्यांना वगळून जाईल. जमिनीखालची टाकी पूर्ण उपसा, गाळ काढा, भिंती घासा. मग भरून १००० लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर, ३३ टक्के क्लोरीनची. बादलीत कालवून वरचं निवळ पाणी टाकीत, चुन्याचा साका नको. रात्रभर ठेवा, तेच पाणी पाइपांतही फिरवा, दुसऱ्या दिवशी सगळं सोडून द्या. एवढं क्लोरीन रेझिनमधून नेऊ नका, दाणे ठिसूळ होतात. पाण्याला डिझेल-रॉकेलचा वास असेल तर ब्लीचिंगनं काही होत नाही, टाकी साबणानं धुवावी लागते. वाळूच्या फिल्टरातली वाळू बदललेली बरी.

महाद्वार_मिस्त्री

गॅरेजचा एवढा खटाटोप कशाला? सगळं गच्चीवर न्या. निचरा मोकळा, गाडीची भानगड नाही.

फूटव्हॉल्व्ह

गच्चीवर ऊन. फायबरचं पिंप उन्हात वर्षानुवर्षं ठेवायची वस्तू नाही, आणि पारदर्शक फिल्टरच्या भांड्यात पंधरा दिवसांत शेवाळ. शेड मारली तरी दर महिन्याला २५ किलोची गोणी दोन जिने वर न्यायची. दाबाचं बोलायचं तर गच्चीवर तो खालच्यापेक्षा कमी, कारण मोटरीचा बराचसा जोर पाणी वर नेण्यातच गेलेला असतो. आणि खारं पाणी गच्चीवर सोडलं तर स्लॅबच्या सळया गंजणार. गॅरेजच बरं.

महाद्वार_मिस्त्री

सळयांचं मान्य. मग पाइपाचं तेवढं सांगतो. सॉफ्टनरच्या व्हॉल्व्हचे धागे प्लास्टिकचे. त्यात लोखंडी निपल पान्यानं आवळायचा नाही. टेफ्लॉन सहा-सात वेढे, हातानं बसवून वर अर्धा फेरा. तडा त्याच दिवशी दिसत नाही, आठवड्यानं दिसतो. पितळी धाग्याचे युनियन वापरा. पाइपाला दर ९० सेंटिमीटरला क्लॅम्प, म्हणजे पाइपाचं वजन व्हॉल्व्हवर येत नाही. मोटरीखाली रबर, मोटरीनंतर हातभर लवचिक नळी, नाही तर आवाज भिंतीतनं वर बेडरूममध्ये जातो. उंदीर-घुशी असतील तर जमिनीलगतच्या मऊ नळ्या जीआय पाइपात घाला. मिठाची नळी कुरतडली तर मीठ जात नाही, हवा जाते.

करवीर_जलतज्ज्ञ

एक मोठा धोका अजून कुणी लिहिला नाही. फायबरचं पिंप आतून दाब सोसतं, बाहेरून नाही. मोटर बंद झाल्यावर फूट व्हॉल्व्ह (ओढायच्या पाइपाच्या तळाचा) गळका असेल तर पाणी खालच्या टाकीकडं ओढलं जातं, पिंपात निर्वात तयार होतो आणि आतलं अस्तर आत दुमडतं. त्यामुळं मोटरीनंतर स्प्रिंगचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारा) आणि पिंपाच्या वरच्या बाजूला व्हॅक्युम ब्रेकर (निर्वात होऊ लागला की हवा आत घेणारा), दोन्ही हवेत. स्प्रिंगचा यासाठी की झडपीचा व्हॉल्व्ह ११ मीटर पाण्याच्या खांबाखाली धाडकन आपटतो आणि तो ठोका सगळ्या सांध्यांना बसतो.

रंकाळा_काठ

पिण्याचं पाणी? आरओसुद्धा तिथंच बसवता येईल का?

करवीर_जलतज्ज्ञ

नको. गॅरेजमध्ये पेट्रोल, थिनर, रंग, कीटकनाशक असतं. आरओच्या बारीक प्लास्टिक नळ्यांतनं पेट्रोल-थिनरची वाफ पाण्यात शिरू शकते. तो स्वयंपाकघरातच. स्वयंपाकघराच्या नळाला, बागेला आणि गाडी धुवायच्या नळाला मऊ पाणी नेऊच नका. हार्डनेसच्या दर १०० मागं लिटरला ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. इथं ४५० म्हणजे २०७. रक्तदाबाचा पेशंट घरात असेल तर हे महत्त्वाचं. आरओच्या मागं मऊ पाणी दिलं तर मात्र मेंब्रेन जास्त टिकतं आणि सोडियमही आरओ काढतो. ते चालेल.

आणि टीडीएस मीटरनं सॉफ्टनर तपासू नका. टीडीएस ७८० चा ७८० च्या आसपासच राहणार. कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, एकूण क्षार तेवढेच. थेंबांचा हार्डनेस किट घ्या. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात हार्डनेसची स्वीकार्य मर्यादा २०० आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. आंघोळीचं पाणी शून्यावर आणायची गरज नाही. बायपास थोडा उघडून शंभरावर ठेवलं तर साबण निघत नसल्यासारखा निसरडेपणाही जातो आणि मीठही वाचतं.

पाचगाव_वेस

सगळ्यांचे आभार. आता असं ठरवतोय, चुकत असेल तर सांगा.

झाकण बाजूला, कडा उचलून. मागच्या भिंतीला ओटा, डाव्या कोपऱ्यात नवीन ट्रॅप. डावीकडून उजवीकडं: मोटर, नॉन-रिटर्न, टी काढून परतीची लाईन, गेज, वाळूचा फिल्टर, गेज, सॉफ्टनर, चेपायचा व्हॉल्व्ह, गेज, मग वरची टाकी. फिल्टर आणि सॉफ्टनर दोन्हीला तीन-तीन व्हॉल्व्हचा बायपास. मिठाची टाकी उजव्या टोकाला, दुचाकी डावीकडं. बोर्ड मोटरीच्या बरोबर वर, छातीएवढ्या उंचीवर. स्वयंपाकघराला बोअरचं साधं पाणी.

गंगावेस_वायरमन

बोर्ड मोटरीच्या *बरोबर वर* नको. युनियन सुटला तर फवारा सरळ बोर्डात. अर्धा मीटर बाजूला घ्या, डावीकडं.

फूटव्हॉल्व्ह

ट्रॅप डाव्या कोपऱ्यात आणि सॉफ्टनर उजवीकडं, म्हणजे निचऱ्याची नळी मोटरीमागनं लांब जाणार. लांब आणि वळणांची नळी असली की बॅकवॉशला मागं दाब येतो आणि मीठ ओढणं मंदावतं. ओळ उलटी करा: मोटर उजवीकडं, सॉफ्टनर ट्रॅपजवळ. मग बोर्डही उजवीकडंच जाईल, आणि मीठ डावीकडं आल्यानं दुचाकीही.

स्वयंपाकघराच्या साध्या पाण्याचं मात्र राहिलंय. वरची टाकी एकच आहे, त्यात मऊ पाणी गेलं की साधं कुठनं येणार?

पाचगाव_वेस

हे लक्षातच आलं नव्हतं. दुसरी टाकी?

फूटव्हॉल्व्ह

२०० लिटरची पुरे, टोपीवर पहिलीच्या शेजारी. वाळूच्या फिल्टरनंतर, सॉफ्टनरच्या आधी टी काढा आणि वेगळी पाऊण इंची लाईन वर न्या, तिला स्वतःचा फ्लोट व्हॉल्व्ह आणि खाली एक बॉल व्हॉल्व्ह. बागेचा आणि गाडीचा नळ याच लाईनीवर गॅरेजातच काढा. फक्त बादलीनं मोजताना ही लाईन बंद ठेवा, नाही तर ७२ सेकंदांचा हिशेब चुकेल.

शिवणी_सिव्हिल

टोपीचा स्लॅब आणखी २०० किलो घेतो का, ते आधी घर बांधणाऱ्या इंजिनिअरला नकाशा दाखवून विचारा. भिंतीच्या वर येईल अशी ठेवली तर सहसा अडचण येत नाही, स्लॅबच्या मधोमध नको.